टोटल विचारणारा माणूस

"टोटल?"

स्कूटर बंद न करता, एक पाय जमिनीवर टेकवून हा माणूस एवढंच विचारायचा. कशी आहेस नाही, पेपर कसे गेले नाही, आईचे गुडघे कसे आहेत नाही. इंजिन फटफटत ठेवायचा, कारण उत्तराला वेळ तो किती लागणार? एक आकडा तर सांगायचा.

तुम्ही सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहिला असाल तर असा एक नग तुमच्याही घरांच्या ओळीत असणार. भोपाळला आमच्या क्वार्टरसमोर हा राहायचा. मूळचा ग्वाल्हेरचा, कारखान्याच्या अकाउंट्स विभागात अधिकारी. बाबांपेक्षा वयानं मोठ्या माणसाला मी 'तो' म्हणतेय. आई आज असती तर कान उपटला असता तिनं. पण खोटं कशाला बोलू, तोंडावर 'काका' म्हणताना मनात मी त्याला कधीच 'ते' म्हटलं नाही.

शाळेचे निकाल लागले की ओळीतली पोरं मागच्या गल्लीनं घरी यायची. एकदा शेजारच्यांचा मुलगा सापडलाच. म्हणाला, "पास झालो, अंकल." हा म्हणाला, "वह तो ठीक है. टोटल बताओ." पोरानं टोटल सांगितली, मग यानं त्याच्यापुढेच मनातल्या मनात भागाकार केला आणि "हं" म्हणून निघून गेला. कुणी पेढे आणले तर पेढा हातात धरून ठेवायचा, आकडा कळेपर्यंत तोंडात टाकायचा नाही. काकू बिचाऱ्या मागून म्हणायच्या, "अहो, खा तर आधी!" खायचा, पण आकड्यानंतर.

आणखी एक सवय होती. सदऱ्याच्या खिशाच्या आतल्या बाजूला दोन-तीन आलपिना टोचलेल्या असायच्या. सुटा कागद दिसला की याचा हात खिशाकडे गेलाच. लग्नाची पत्रिका, विजेचं बिल, औषधाची चिठ्ठी, काहीही. लहानपणी मला त्याची गंमत वाटायची. पुढे तीही वाटेनाशी झाली.

आमचं वैर माझ्या सी.ए.पासून सुरू झालं. बाबा कारखान्यात चार्जमन, नागपूरहून आलेले. त्यांची मुलगी सी.ए.ची इंटर एका फटक्यात पास झाली तेव्हा बाबांनी अख्ख्या वर्कशॉपला समोसे खाऊ घातले होते. ओळीतली पहिली सी.ए. होणार म्हणून आईनं तर मला भांडी घासायला लावणंही सोडलं. महाराणा प्रताप नगरातल्या एका ऑफिसात मी आर्टिकलशिप, म्हणजे सी.ए.ची उमेदवारी, केली, तिथंच क्लासला गेले आणि फायनलच्या पहिल्या ग्रुपला बसले. चारशेपैकी दोनशे लागतात. मला एकशे त्र्याण्णव आले.

"थोडक्यात गेलं हो," आई सगळ्यांना सांगायची. सगळे म्हणायचे, "अगं, मग काय! एकदा अजून बस." पुन्हा बसले. पुन्हा थोडक्यात गेलं. पुन्हा सगळे म्हणाले, एकदा अजून. भोपाळातच शिवाजी नगरला राहणारी मावशी तर माझ्या नावानं दर गुरुवारी उपास करायची. सगळे इतके गोड बोलायचे की मला रडायचीसुद्धा चोरी झाली होती.

हा एकटाच दूध बूथवर मला अडवायचा. "टोटल?"

"थोडक्यात गेलं, काका."

"थोडक्यात म्हणजे किती? आकडा बोल ना."

मागं बायका रांगेत उभ्या. मी आकडा सांगायची. तो "हं" म्हणायचा आणि जायचा. हातातली दुधाची पिशवी त्याच्या टाळक्यावर फोडावी असं मला दर वेळी वाटायचं.

तिसऱ्या परीक्षेनंतरच्या गणेशोत्सवात त्यानं जे केलं ते मी विसरले नाही आणि विसरणारही नाही. आमच्या टाउनशिपच्या मराठी मंडळात पास झालेल्या मुलांचा सत्कार असायचा, एक नारळ, एक पेन आणि टाळ्या. पालकांनी नावं नेऊन द्यायची, हा यादी करायचा आणि हाच माइकवर वाचायचा. आवाज खणखणीत आणि चूक म्हणून कधी नाही. त्या वर्षी आईनं निकाल लागायच्या आधीच माझं नाव देऊन टाकलं. या वेळी होणारच, अशी तिची खात्री. मग निकाल आला, मी नापास. त्या गडबडीत नाव काढून घ्यायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. राहिलं असतं तरी आम्हाला वाटलं असतं, त्याला कळेल की, माणूसच आहे तो.

"कुमारी सुनंदा," तो माइकवर म्हणाला. "सी.ए. फायनल, पहिला ग्रुप." मग चष्मा वर सारून यादीत पाहिलं. "नाही. एकशे नव्वद."

आणि लगेच पुढचं नाव, कुणाची तरी आठवी.

दोन-चार जणांनी सवयीनं टाळ्याही वाजवल्या. मग त्या मध्येच थांबल्या. आई पहिल्या रांगेत बसली होती, नवीन साडी नेसून. तिनं पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि कार्यक्रम संपेपर्यंत मान वर केली नाही.

बाबा तिथंच त्याला जाब विचारायला गेले. तो म्हणाला, "यादीत नाव आलं होतं. आलेलं नाव मी गाळत नाही. परीक्षेला बसली होती ना ती?"

"बसली होती."

"मग?"

बाबा तसेच परत आले. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. मला मात्र सुटका नव्हती. स्कूटर थांबायची ती थांबायचीच.

मी पाचव्यांदा नापास झाले त्या जुलैमध्ये भोपाळजवळच्या मंडीदीपच्या एका कारखान्यातून मला नोकरीचं बोलावणं आलं. अकाउंट्स असिस्टंट, सोमवारी कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं. कारखान्याची बस सकाळी जाणार, संध्याकाळी अंधार पडता पडता येणार. म्हणजे अभ्यास संपला. हे मला कळत होतं आणि घरात सगळ्यांनाही. बाबांनी त्याच आठवड्यात सहाव्या परीक्षेचा फॉर्म आणून टेबलावर ठेवला, वर पेन ठेवलं. सोमवारपर्यंत मला ठरवायचं होतं, पेन उचलायचं की बस पकडायची. मी चोवीस वर्षांची होते आणि अडीच वर्षं एकाच भिंतीवर डोकं आपटत होते. कुणाला विचारलं तरी उत्तर मला पाठ होतं, एकदा अजून.

मंडीदीपला बी.कॉम. आणि इंटरच्या मार्कलिस्टच्या सत्यप्रती लागत होत्या, अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याच्या. ठरलं काहीच नव्हतं, पण कागद तयार असावेत म्हटलं. ओळखीतले दोन अधिकारी नेमके रजेवर. उरला हा. रविवारी सकाळी मी दात-ओठ खात त्याची बेल वाजवली.

त्यानं प्रती पाहिल्या, मूळ कागदांशी ताडल्या, पेन उघडलं आणि परत बंद केलं.

"फायनलच्या पाच कुठायत?"

"त्या त्यांनी मागितल्या नाहीत."

"मी मागतोय. जा, घेऊन ये."

सही अडली होती, जाते कुठे! त्या मार्कलिस्टा आईच्या कपाटात होत्या. नवी आली की मी ती साड्यांच्या खाली सारायची, वर घडी ठेवायची आणि कपाट लावायची. हिशेब शिकणारी मुलगी मी, पण पाचही कागद एका वेळी कधी बाहेर काढले नव्हते. आईची नजर चुकवून ते काढले आणि नेऊन त्याच्यासमोर आदळले.

त्यानं जेवणाच्या टेबलावरचं मीठ-मिरचीचं सामान बाजूला केलं. पाचही कागद ओळीनं मांडले आणि यादी वाचायचा त्याच खणखणीत आवाजात वाचले. "एकशे त्र्याण्णव. एकशे अठ्ठ्याऐंशी. एकशे नव्वद. एकशे ब्याऐंशी. एकशे शहात्तर." मग माझ्याकडे पाहिलं. "दर वेळी थोडक्यात?"

"आई म्हणते तसं."

"तू काय म्हणतेस?"

मी टेबलावरच्या कागदांकडे पाहिलं.

"पहिल्या वेळी सात कमी होते. आता चोवीस कमी आहेत. तू जवळ येत नाहीयेस, दूर चाललीयेस."

माझ्या कानशिलात वाजवली असती तरी इतकं लागलं नसतं. मी ओरडले, "मग काय करू?"

"सोड."

अडीच वर्षांत हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. मी रात्रंदिवस त्याची वाट पाहत होते, हे मला तेव्हाच कळलं आणि तो या माणसाच्या तोंडून यावा याचा मला असा काही संताप आला की तोंडाला येईल ते बोलत सुटले. म्हटलं, तुम्ही माइकवर 'नाही' म्हणालात, तेव्हापासून महिनाभर माझी आई दूध आणायला गेली नाही, ठाऊक आहे?

"हे मला कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"आणि तुम्ही तरी कुठले सी.ए.? किती वेळा बसला होतात? बोला ना, टोटल बोला!"

स्वयंपाकघरात काकूंच्या हातातली पळी थांबली. त्यानं चष्मा काढला.

"बसलोच नाही. फॉर्म आणला होता. किती येणार ते मला आधीच ठाऊक होतं."

"भित्रे आहात तुम्ही."

"असेन," तो म्हणाला. मग बोटानं टेबलावरचे कागद मोजले. "तू पाच वेळा बसलीस." हेही त्यानं नेहमीसारखंच म्हटलं, कौतुक नाही की कीव नाही. सह्या केल्या, शिक्के मारले. मी फायनलच्या मार्कलिस्टा गोळा करायला गेले तर त्यानं त्या माझ्या हातातून घेतल्या, कडा जुळवल्या आणि खिशातली आलपीन काढून टोचली. "वेगवेगळ्या ठेवू नकोस," म्हणाला.

घरी येऊन मी तो गठ्ठा बाबांच्या फॉर्मशेजारी ठेवला. म्हटलं, "बाबा, एकदा पाहा." बाबांनी आलपिनेकडे पाहिलं आणि ती कुणाची ते ओळखलं.

"काहून गेली होती तू त्याच्याकडे? दुश्मन आहे तो आपला!"

"सहीला गेले होते."

"आणि मन मोडून आली." त्यांनी कागद उलटून पाहिले नाहीत. सोमवारी मी बस पकडली. बाबा माझ्याशी बोलले ते थेट दिवाळीला, तेही फराळाचं ताट पुढे सरकवताना.

तुम्हाला वाटेल, म्हणजे तो बरोबर होता, शेवटी त्यानं भलंच केलं. नाही हं! मला ते मान्य नाही. नोकरी बरी चालली, पुढे बढत्याही मिळाल्या, हे खरं. पण मंडीदीपच्या आमच्या ऑफिसातला एक जण नवव्यांदा पास झाला. नवव्यांदा! त्याचेही आकडे मध्ये खाली गेले होते, मी विचारलं होतं त्याला. त्या दिवशी त्यानं वाटलेला पेढा मी तसाच कागदात गुंडाळून ठेवला. घरी येऊन मी या माणसाला मनसोक्त शिव्या घातल्या. सहाव्यांदा काय झालं असतं ते त्याला तरी कुठे ठाऊक होतं? पाच आकड्यांवर त्यानं माझा निकाल लावून टाकला. आणि मी लावू दिला, याचा राग तर त्याहून मोठा.

तो निवृत्त होऊन ग्वाल्हेरला गेला तेव्हा सामानाचा ट्रक आमच्या फाटकासमोरच उभा होता. स्कूटर दोरानं बांधून वर चढवली होती. मी बसमधून उतरून घराकडे येत होते. तो ट्रकशेजारी उभा, हातात सुतळीचा गुंडा. माझ्याकडे पाहिलं. विचारायला आता काही उरलं नव्हतं. मी आत गेले आणि दार लावलं. दोनेक वर्षांनी काकूंचं पत्र मंडळात आलं, ते गेले म्हणून. आई म्हणाली, "कसाही असो, माणूस गेला." मी भाजी चिरत होते, चिरत राहिले.

त्याच वर्षीच्या गणेशोत्सवात सत्काराची यादी नव्या चिटणिसानं वाचली. गोड माणूस. फक्त पास झालेल्यांची नावं, प्रत्येकाला दोन चांगले शब्द. माझ्या पुढच्या रांगेत आमच्या मागच्या क्वार्टरांमधली एक मुलगी बसली होती, शेजारी तिची आई. मुलगी माझ्यासारखीच फायनलला बसत होती, कितव्यांदा ते कुणाला नक्की ठाऊक नव्हतं. तिच्याही आईनं नाव आधीच दिलं असावं, कारण यादी संपेपर्यंत ती बाई कान टवकारून बसली होती. नाव आलंच नाही. चिटणिसानं अलगद गाळलं होतं. कुणाचाच अपमान झाला नाही. ती मुलगी त्या मांडवात असून नसल्यासारखी बसून राहिली आणि तिच्या आजूबाजूचे सगळे छान हसून दुसरीकडे पाहत होते.

प्रसादाच्या रांगेत ती माझ्या पुढे आली. एक काकू तिला म्हणत होत्या, "थोडक्यात गेलं ना? अगं, एकदा अजून बस."

मी जे बोलले ते ठरवून नव्हतं. शपथ घेऊन सांगते.

"टोटल किती?"

मुलगी दचकली. रांगेतल्या बायका वळून पाहायला लागल्या. ती हळूच म्हणाली, "एकशे एक्क्याऐंशी, ताई."

"त्याच्या आधी?"

तिचे डोळे भरले. प्रसादाचा द्रोण तिच्या हातात चुरगळला.

"सगळ्या मार्कलिस्टा घेऊन ये," मी म्हटलं. "उद्या सकाळी. एकही घरी ठेवू नकोस."

तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. तसं मी कित्येक वर्षं एका माणसाकडे पाहत आले होते.

दुसऱ्या दिवशी ती आली. हातात कागद होते, सुटे.