तक्त्यातली नववी ओळ

दुकानाच्या पायरीवर उभ्या राहून मॅडम एक बोट वर करायच्या. "अजून एक!"

म्हणजे जगात कुठेतरी कुणा शास्त्रज्ञाने आपल्या लेखात मॅडमच्या लेखाचा दाखला दिलेला असे. मॅडम खारघरला कर्करोगावर संशोधन करायच्या. दाखल्याचं ते एक पान छापून घ्यायला त्या पनवेलला, माझ्या झेरॉक्स-बाइंडिंगच्या दुकानात यायच्या.

"तुमच्याकडे प्रिंटर नाहीत का?" मी एकदा विचारलं.

"आहेत ना. पण तिथे कुणी विचारत नाही, कुठल्या देशातून आलंय म्हणून."

मी विचारायचो. पोलंड, ब्राझील, कोरिया. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याचा आनंद ऐकायला घरी कुणी नसतं.

माझी बायको सुनंदा त्यांच्याच संस्थेच्या रुग्णालयात कर्करोगाने गेली. दोन वर्षांनी मॅडमचा एक नवा लेख बांधताना त्यात पेशंटांचा तक्ता दिसला. नावं नव्हती, नुसती वयं आणि आजाराची माहिती. एका ओळीवर माझा हात थांबला.

"ही आमची सुनंदा का हो?"

मॅडमनी तेच बोट नवव्या ओळीवर ठेवलं. "हे मी सांगायला नको होतं. तिच्या गाठीतल्या पेशी आम्ही काचेच्या बशीत वाढवल्या. अजून आहेत."

"जिवंत?"

"हो. खायला घातलं की वाढतात."

"त्यांना दुखतं का?"

"नाही हो. दुखायला तिथे कुणी नाही."

मी फुटपाथवर टाइपरायटर मांडून वर आलेला माणूस. घासाघीस हा माझा स्वभाव. म्हटलं, "शेवटी आभार मानलेत, तिथे तिचं नाव घाला."

"पेशंटचं नाव घालता येत नाही. नियम आहे."

"आडनाव सोडा. नुसतं सुनंदा."

"नाही."

"मग तिचं गाव घाला. आपटा. गावाला कसला आलाय नियम?"

"शेठ, ही काय भाजी आहे का?"

माझं डोकं फिरलं. "यंत्र दुरुस्त करणाऱ्याचंसुद्धा नाव आहे इथे! आणि जिच्या अंगातून काढलंत तिचं नाही?" स्टेपलर भिंतीवर आपटला. मॅडम पान उचलून निघून गेल्या.

पुढच्या वर्षी त्यांच्या बढतीची वेळ आली. सगळे छापील लेख एकत्र बांधून समितीपुढे ठेवायचे होते. काम माझ्याकडेच आलं. आभारांचं पान मी पुन्हा जुळवलं, टाइप हुबेहूब तोच. शेवटी इंग्रजीत दोन शब्द वाढवले: सुनंदा, आपटा. कोण वाचतंय आभार, असं वाटलं.

समितीतल्या एकाने वाचले.

बढती गेली, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. तो ग्रंथ काखेत घेऊन त्या पायरीवर उभ्या होत्या. बोट वर नव्हतं.

"माझं नाव सांगायचं होतं!" मीच ओरडलो. "म्हणायचं, दुकानदाराने केलं!"

"मग त्यांनी विचारलं असतं, नववी ओळ कुणाची हे दुकानदाराला कुणी सांगितलं?"

"मग काय सांगितलंत?"

"मीच घातलं म्हणाले."

त्यांनी ग्रंथ काउंटरवर ठेवला. "तुम्हीच ठेवा. तिचं नाव असलेली ही एकच प्रत आहे." सुनंदाच्या नावाभोवती लाल शाईचं वर्तुळ होतं.

माझा त्यांच्यावरचा राग तेव्हापासूनचा आहे. मला एक शिवी तरी द्यायची! पुढच्या महिन्यात बाई पुन्हा पायरीवर, बोट वर करून. "अजून एक! तुमच्याच लेखाला." नवव्या ओळीच्या त्या लेखाला मॅडम 'तुमचा लेख' म्हणू लागल्या होत्या. चहा मागवू का विचारलं, तर म्हणाल्या, "आधी विचारा ना, कुठला देश?"

निवृत्तीनंतर वर्षभरात मॅडम गेल्या. मला आठवड्याने कळलं.

कर्करोगाने नाही, झोपेत. बशीतल्या पेशींना आता कोण खायला घालतं, हे विचारायला खारघरला दोनदा जाऊन आलो. फाटकावरच्या माणसाने विचारलं, पेशंट कोण? मी पनवेलची बस धरली.

आता दर सोमवारी दुकान उघडलं की त्या लेखाचं नाव कॉम्प्युटरवर टाकून मीच शोधतो. नवा दाखला असला तर पान छापून त्या ग्रंथात लावतो. मग पायरीकडे बघतो आणि मोठ्याने विचारतो, "कुठला देश?"

या सोमवारी पोर्तुगाल होता.