पाण्याखालचं मनगट

१९७६, दसऱ्याचा दुसरा दिवस. तेवीस घरं, घरामागे दोन रुपये, जमा चव्वेचाळीस. तेविसावं घर माझं. तलावाच्या पाळीवर मी, पाणी सोडणारा पाणकर आणि त्याच्या कमरेची दोरी धरलेले दोन शेतकरी, एवढेच होतो.

धान निसवायला, लोंब्या बाहेर पडायला आलं होतं, पाऊस गेला होता. पाणी सोडायचं तर पाणकराने बुडी मारून तळाच्या मोरीत ठोकलेला लाकडी खुंटा उपसायचा. मग पाळीवरच्या देवाला बोकड. मी देव मानत नव्हतो, म्हणून माझे दोन रुपये त्यात नव्हते. पण हिशेब चोख, म्हणून वर्गणी माझ्याकडेच असे.

"भाऊ, तुमचे दोन देवाले नका देऊ, मले द्या," पाणकर म्हणाला. "पान्यात मी जातो, देव थोडीच जाते!"

"वर ये, मग देतो."

तो चाळीस मोजायच्या आत वर येई. एकतीसपर्यंत मोजल्याचं मला आठवतं. पुढे मोजणं चालू राहिलं, मोजणारा राहिला नाही. पाळ, पाणी, धान, मी, यांत कुठे रेघच उरली नाही. भीती वाटली नाही. ती आता वाटते. मग माझ्या मुठीत गाळाने बुळबुळीत झालेलं मनगट होतं.

"ओढा!" मी ओरडलो. घड्याळात चौपन्न सेकंद झाले होते. माझा हात कोरडा होता.

पाणकर खोकत बसला. "दोरीत पाय गुतला होता. खाली कोनंतरी हात धरला माझा." त्याने माझे दोन रुपये घेतले नाहीत. "ज्यानं धरला त्याले द्या."

मुठीतलं मनगट मी कुणाला सांगितलं नाही. बोललो असतो तर गावाने त्यात देव घातला असता.

पुढच्या वर्षी त्याने दोरी बाजूला ठेवली.

"बांध ना बावा, काहून मरतं?" एक शेतकरी म्हणाला.

"दोरीच गुतते. खाली धरनारा हाय."

खाली कोणी नव्हतं, हे मलाच ठाऊक होतं. पण ते सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं. "दोरी बांध," एवढंच म्हणालो.

"तुमी मोजा, भाऊ," तो हसला.

मी मोजलं. चाळीस. साठ. एकही आकडा चुकला नाही. हात नुसता हातच राहिला. ऐंशीला दोघा शेतकऱ्यांनी उड्या घेतल्या.

खुंटा निघाला होता. पाणी सगळ्यांच्या धानाच्या बांध्यांत पोचलं, माझ्याही.

बोकड आणला नाही. त्या सालचे चव्वेचाळीस, माझे दोन आणि मागच्या सालचे, त्याने न घेतलेले दोन, असे अठ्ठेचाळीस रुपये मी पाणकराच्या बायकोच्या हातात मोजून दिले.