पुठ्ठ्यावरचं मादागास्कर

आमच्या मुलीच्या शाळेत दर वसंतात चौथीच्या मुलांचं एक प्रदर्शन भरे. प्रत्येकानं एक देश घ्यायचा. त्याचा नकाशा, झेंडा, राजमुद्रा, प्राणी, झाडं, मोठी शहरं हे सगळं तीन घड्यांच्या उभ्या पुठ्ठ्यावर मांडायचं, आणि ठरलेल्या दिवशी शाळेच्या जिममध्ये त्यापुढे उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला माहिती सांगायची. हे प्रदर्शन मुलांचं आहे असं शाळा समजत असे. अल्फारेटा या अमेरिकन उपनगरातल्या आमच्यासारख्या घरांत ते आईबापांचं होतं.

ऑफिसातल्या एका नागपूरकर मित्राच्या मुलाला आइसलँड आलं होतं. मित्रानं माशांच्या टाकीचा पंप वापरून गरम पाण्याचं कारंजं उडवायचं ठरवलं होतं आणि रोज जेवताना तो मला त्याची प्रगती सांगे. मुलाला काय काम दिलंय, असं मी एकदा विचारलं. ‘‘पोरं काय करणार यार? वाकडंतिकडं चिकटवतात. आणि लोक म्हणतात, बापाचं लक्ष नाही.’’ तो हसत म्हणाला आणि मग एकदम गप्प झाला. माझ्यापुढे घरच्या गोष्टी बोलताना त्या वर्षी सगळेच असे मध्येच गप्प होत.

माझी बायको आदल्या सप्टेंबरात गेली होती. आजार मोठा होता, पण लांबला नाही. अंत्यसंस्काराच्या दिवशी मुलीला आम्ही एका मैत्रिणीकडे ठेवलं होतं. लहान पोरीनं ते बघू नये असं आम्हा सगळ्यांना वाटलं. म्हणजे मला वाटलं, आणि कोणी विरोध केला नाही. त्यानंतर मुलीनं आईचा विषय काढला नाही. मी ते समजूतदारपणाचं लक्षण मानलं. सासूबाई आजारपणात मदतीला आल्या होत्या, त्या व्हिसाची मुदत वाढवून राहिल्या. जूनमध्ये त्या परत जाणार होत्या.

मुलीच्या चिठ्ठीत मादागास्कर निघालं. तिनं ते नाव आजीला पुन्हा पुन्हा म्हणून दाखवलं. सासूबाईंना काही ते जमलं नाही. त्यांनी त्याचं ‘तुझं बेट’ केलं. मुलीला मराठी कळे, पण ती उत्तर इंग्रजीत देई. सासूबाईंचं इंग्रजी ओके, थँक्यू आणि नो शुगर एवढ्यावर संपे. तरी शाळेच्या लायब्ररीतलं चित्रांचं पुस्तक मध्ये ठेवून त्या दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तासन् तास बसू लागल्या.

मी शेजारच्या खोलीत वाचत असे, त्यामुळे त्यांचं बोलणं कानावर येई. एकदा सासूबाई म्हणाल्या, ‘‘हा तर आपला बैल. हे बघ वशिंड.’’ त्या देशाच्या राजमुद्रेवर वशिंडाच्या बैलाचं डोकं आहे. मुलीनं ते आजीला बोट ठेवून दाखवलं, तेव्हा एवढ्या लांबच्या लोकांनीही बैलाला मान दिला म्हणून सासूबाईंना फार बरं वाटलं. मग पिंपासारख्या बुंध्याचं ते झाड आलं. ते त्यांनी लगेच ओळखलं. गोरखचिंच. त्यांच्या माहेरी, वसईला, किल्ल्याच्या वाटेवर तसं झाड होतं. माझी बायको लहान असताना आजोळी गेली की त्याच्या ढोलीत जाऊन बसे. एकदा सगळं घर तिला शोधत होतं आणि ती आत झोपली होती, फ्रॉकभर मुंग्या घेऊन. मुलगी इतकी हसली की मी पुस्तक खाली ठेवलं. किती दिवसांनी ती हसत होती, हे मला तेव्हा कळलं. तरी मी उठून तिकडे गेलो नाही.

उठावाचा नकाशा करायला वर्गाच्या बाईंनी पीठ, मीठ आणि पाणी सांगितलं होतं. सासूबाईंनी पोळ्यांची कणीक घेतली. हात सवयीनं चालला. त्यांनी तेलाचा हात लावून गोळा मळला आणि ओल्या फडक्याखाली मुरायला ठेवला. त्यामुळे ते बेट कधी वाळलंच नाही. तपकिरी, मऊ, कडेनं बसत चाललेलं. दोन-चार दिवसांत दक्षिण टोक पसरून रुंद झालं आणि मधलं पठार खचलं. मुलगी मात्र खूश होती. तिथल्या मातीच्या रंगामुळे त्या देशाला लाल बेट म्हणतात, असं तिनं वाचलं होतं. रंग अगदी बरोबर आलाय, असं तिनं मला बोलावून सांगितलं. मी छान म्हणालो.

लायब्ररीच्या त्याच पुस्तकात तिला तिथली एक रीत सापडली. तिथल्या डोंगराळ भागात काही घराणी काही वर्षांतून एकदा, थंडीच्या कोरड्या दिवसांत, आपली थडगी उघडतात. गेलेल्या माणसांना बाहेर आणतात, नव्या रेशमी वस्त्रात गुंडाळतात, वाजतगाजत खांद्यावरून फिरवतात आणि मधल्या काळात घरात काय काय झालं ते त्यांना सांगतात. कोणाचं लग्न झालं, कोणाला मूल झालं, भात कसं पिकलं. मुलीनं ते सगळ्यात मोठ्या कार्डावर लिहिलं आणि खाली चित्र काढलं. आजीला तिनं ते हातवारे करून समजावलं. सासूबाई शिवशिव म्हणतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘सांगतात म्हणजे कोण? लहान मुलंपण सांगतात का?’’

ते कार्ड घेऊन मुलगी माझ्या खोलीत आली. रविवारची दुपार होती, सासूबाई पलीकडे टेबलाशीच होत्या. तिनं ते मला वाचून दाखवलं, घडी केली, उलगडली आणि मग विचारलं, ‘‘बाबा, व्हेअर इज आई?’’

आई कुठे होती ते मला पक्कं माहीत होतं. माझ्या पाठीमागच्या कपाटात, वरच्या खणात, पुस्तकांच्या मागे. दहनगृहातून मिळालेली ती राखाडी प्लास्टिकची पेटी जूनमध्ये सासूबाई नाशिकला नेणार होत्या. मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी म्हणालो, ‘‘तू अजून शहरं लिहिलीच नाहीस. राजधानी कुठली, सांग बघू?’’

तिला सांगता आली नाही. मी सांगितली. अंतानानारिवो. तिनं मान हलवली आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी मी नवा पुठ्ठा आणला. कणकेला बुरशी धरली होती, हे खरं आहे. ते बेट जिमपर्यंत टिकलं नसतं, हेही खरं आहे. पण मी पुठ्ठा आणला तो ते कार्ड गाळता यावं म्हणून. लोक ते वाचतील, मग मुलीकडे बघतील, मग माझ्याकडे, आणि आवाज खाली करून काहीतरी बोलतील, हे मला आधीच दिसत होतं. त्या कणवेची मला भीती वाटत होती.

खोटं कशाला लिहू, तो आठवडा मला फार बरा गेला. बायको गेल्यापासून हातांना पहिल्यांदा काम मिळालं होतं. मैद्याचं पांढरं बेट केलं, ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवलं, नकाशाच्या पुस्तकाबरहुकूम उंचीप्रमाणे रंगवलं. पूर्वेचा तुटलेला कडा, पश्चिमेकडे उतरत गेलेली मैदानं, पलीकडे मोझांबिकची सामुद्रधुनी. झेंड्याचे पांढरा, लाल, हिरवा हे तिन्ही पट्टे मापात कापले. शहरांना टाचण्या लावल्या: टेकड्यांवर वसलेली राजधानी, पूर्वेचं तोआमासिना बंदर, गरम झऱ्यांचं अंत्सिराबे, पश्चिम किनाऱ्यावरचं महाजंगा. महाजंगात समुद्राकाठी एक जुनी, प्रचंड गोरखचिंच आहे. तिचं मी चित्र छापून लावलं आणि खाली झाडाचं शास्त्रीय कुळ लिहिलं. वसईचं झाड आणि त्यात झोपलेली मुलगी माझ्या मनातही आली नाही.

पुठ्ठा तयार झाल्यावर मुलीला दाखवला. तिनं तो वरपासून खालपर्यंत नीट पाहिला. ‘‘थँक यू, बाबा,’’ ती म्हणाली. परक्याच्या घरी खाऊ घेताना मुलं म्हणतात तसं.

प्रदर्शनाच्या दिवशी जिममध्ये मित्राचं आइसलँड उसळत होतं आणि त्याचा मुलगा पंपाच्या वायरीवर पाय पडू नये म्हणून लोकांना लांब ठेवत होता. मित्र आमच्या पुठ्ठ्यापुढे आला आणि मराठीतून म्हणाला, ‘‘साहेब, तुम्ही तर पीएचडीच केलीत.’’ मला आवडलं. तेवढ्यात दुसऱ्या वर्गाच्या एक वयस्कर बाई आल्या. त्यांनी वाकून, मनापासून, मुलीला विचारलं की या देशातलं तुला सगळ्यात जास्त काय आवडलं.

मुलीनं वळून पुठ्ठ्याकडे पाहिलं. शोधल्यासारखं पाहिलं. मग म्हणाली, ‘‘इट्स नॉट ऑन हिअर.’’ आणि बाईंना कळलं नाही असं वाटून तिनं पुढे सांगितलं, ‘‘माय डॅड मेड इट.’’

आजूबाजूचे आईबाप हसले. त्यात काही वाईट नव्हतं. जिममधल्या निम्म्या पुठ्ठ्यांची तीच गोष्ट होती. मीही हसलो. मुलीच्या तोंडाकडे पाहिल्यावर माझं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. ते काढून कुठे ठेवावं ते मला कळेना. ती रडत नव्हती. शिक्षा झालेलं मूल उभं राहतं तशी, हात मागे बांधून, माझ्या शहरांपुढे उभी होती. अजून बराच वेळ बाकी होता. तिला पुढच्या प्रत्येकाला माझी माहिती सांगायची होती, आणि ती तिनं एकेक टाचणीवर बोट ठेवून सांगितली.

सासूबाई भिंतीशी खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांना इंग्रजीचा एक शब्द कळला नसेल. परत जाताना पार्किंगमध्ये सगळ्या गाड्यांवर पाइनचे पिवळे पराग बसले होते. मुलगी पुढे जाऊन आमच्या गाडीच्या काचेवर बोटानं रेघा ओढत होती. सासूबाई थांबल्या. जावयाला त्या कधी उणा शब्द बोलल्या नव्हत्या. त्या दिवशीही आवाज चढला नाही.

‘‘ती तुमच्याकडे आई विचारायला आली होती,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुम्ही तिला राजधानी सांगितलीत.’’

मी खिशात किल्ली शोधू लागलो. त्या पुढे म्हणाल्या, ‘‘आज तिला सांगा. तुम्हाला जमत नसेल तर मी सांगते.’’

सासूबाई आता नाहीत. त्यांच्याविषयी चार ओळी लिहाव्यात म्हणून बसतो आणि दरवेळी इथेच येऊन थांबतो, कारण यापुढे मी जे केलं ते मला त्या पुठ्ठ्याहूनही जास्त लागतं. मला जमलं नाही. घरी आल्यावर मी कपाटातली पुस्तकं बाजूला केली, पेटी काढली आणि त्यांच्या हातात दिली. ‘‘तुम्हीच सांगा,’’ म्हणालो.

त्यांनी बायकोची एक सुती साडी काढली, पेटी तिच्यात गुंडाळली आणि त्या घरामागच्या लाकडी डेकवर उन्हात जाऊन बसल्या. मुलीला शेजारी बसवलं. मी सिंकशी भांडी विसळत उभा होतो. मधलं दार उघडं होतं, मला कोणी आत राहा म्हणालं नव्हतं की बाहेर या म्हणालं नव्हतं. सासूबाईंनी जे झालं ते साध्या शब्दांत सांगितलं. मुलीनं विचारलं, तिला दुखलं का. नाही, त्या म्हणाल्या, तेव्हा दुखायचं सगळं संपलं होतं. यात सगळी आई आहे का, असं तिनं विचारलं. सासूबाई म्हणाल्या, जेवढी हातात धरता येते तेवढी आहे. मग त्यांनी पेटी मुलीच्या मांडीवर ठेवली. ‘‘सांग आता तिला, इतके दिवस काय काय झालं ते.’’

मी नळ बंद केला.

मुलीनं साडीचा काठ बोटांत धरला. मग ती मराठीत बोलायला लागली. अडखळत, मध्ये शब्द शोधत, जसं ती आईशिवाय कोणाशी बोलत नसे. आजी इथेच राहतेय म्हणाली. दात पडला म्हणाली. आजीनं आणि तिनं मिळून एक बेट केलं होतं, ते मऊ होतं.

‘‘मग बाबानं दुसरं केलं,’’ ती म्हणाली. ‘‘ते छान आहे. पण त्याच्यात तू नाहीयेस.’’