कोंबड्याची मान आणि जावयाचा मान

वैनगंगेत ट्राउट मासा नसतो, हे कळायच्या आधीच मी त्याच्यासाठी माशी बांधायला शिकलो होतो.

माझा गुरू मोबाइलमध्ये राहायचा. कुठल्याशा थंड देशातला दाढीवाला गोरा! माशाला फसवायला गळाभोवती दोरा आणि कोंबड्याच्या मानेची पिसं गुंडाळून तो हुबेहूब माशी बनवायचा. ती बुडत नाही, पाण्यावर तरंगते, म्हणून तिचं नाव कोरडी माशी. जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये मी हे शास्त्र बायकोला, म्हणजे सुमनला, छाती फुगवून समजावलं.

"कोरडी? मंग ओली कोणती? चहात पडते ते?"

ट्राउट नाही तर नाही, रोहू तर आहे! पण पिसं ताठ हवीत. तसा ताठ कोंबडा माझ्या पाहण्यात एकच होता, नाकाडोंगरीला सासऱ्यांकडे. नाव हवालदार. मामाजी (आमच्याकडे सासऱ्यांना मामाजीच म्हणतात) त्याला आपल्या ताटातला भात भरवत. साळ्याच्या साखरपुड्यालासुद्धा त्याला हात लावायची कुणाची छाती झाली नव्हती.

सुमनला घेऊन मी अंगणात पाय ठेवला आणि थेट हवालदाराच्या गळ्याकडे बोट दाखवलं.

"मामाजी, मला याची मान पाहिजे होती!"

(त्या पिसांना गुरू 'नेक' म्हणायचा. मी त्याचं शुद्ध मराठी केलं.)

मामाजींचा चेहरा उतरला. "मान पायजे?"

"घाई नाही, तुमच्या सवडीनं."

"जावयानं तोंडानं मांगतलं, मंग सवड कायची?"

मी खुशीत गावचा तलाव बघायला गेलो. परत आलो तर घरात मसाल्याचा घमघमाट आणि अंगणात सामसूम! पाटावर बसलो. सासूबाईंनी रश्श्यातून निवडून एक तुकडा माझ्या ताटात वाढला. मान!

"खा नं जावईबापू, कायले लाजता?"

समोर मामाजी नुसता वरणभात चिवडत होते. मी तुकडा ताटाच्या कडेला सारला. फार वाईट वाटलं.

"मामाजी... मला फक्त पिसं पाहिजे होती."

"पिसं?" त्यांनी मागच्या दाराकडे बोट दाखवलं. "ते त मांगं उकिरड्यावर पडून हायेत."

"मंग पिसं म्हणायले का झालं होतं?" सुमन कडाडली.

"जाऊ दे वं," मामाजी म्हणाले. "पण जावईबापू, आता मासा काढूनच दाखवा. माहा हवालदार फुकट नोको जायले."

जावई उकिरड्यावर पिसं वेचतोय, हा देखावा अख्ख्या आळीने पाहिला. पण माशी अशी बांधली म्हणता! सासूबाईंनी दोनदा पदराने हाकलली, तरी जागची हलेना! माझी मान (माझीच!) अभिमानाने ताठ झाली.

संध्याकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, निम्मं गाव गोळा झालं. मी दोरी फेकली. माशी अलगद पाण्यावर बसली. तरंगली!

"पाहून राहिले नं, मामाजी?" आनंदाच्या भरात मीही त्यांच्यासारखाच बोलू लागलो.

"पाहून राहिलो."

डुबुक! दोरी ताणली गेली. पोरं ओरडली. मामाजी पाळीवरून धावत खाली आले. मी सगळा जोर लावून ओढलं, आणि गळाला लागून बाहेर आला एक धष्टपुष्ट बेडूक.

गाव हसून हसून लोळलं. मामाजी मात्र हसले नाहीत. बेडकाला नीट न्याहाळून शांतपणे म्हणाले, "जावईबापू, बेडूक त आमी कोंबडा न कापताबी पकडतो."

मी खाली मान घालून बेडूक सोडून दिला. सासरी आजही माझी थट्टा होते, होऊ दे! पण मला एकच सांगा, माशी ओळखण्यात बेडकाहून मोठा जाणकार कोण?