‘जातो’ म्हणायचं होतं

माझ्या शॉर्ट फिल्मला एकच संवाद होता, तोही दोन शब्दांचा. ‘जातो मी.’ एवढं सुचायला मला अख्खी सुट्टी लागलेली. सुचल्यावर मी स्वतःवर इतकी खूश झालेले की कल्याणच्या मैत्रिणीला, म्हणजे आमच्या कॅमेरावालीला, फोन लावून परत परत वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दोन शब्द आहेत, बये. एकदा वाचलंस तरी कळतं."

गोष्ट साधीच होती. एक म्हातारा, एकटा माणूस. त्याची बिल्डिंग पाडून टॉवर होणार, म्हणून तो खोली रिकामी करून मुलाकडे राहायला निघालाय. सामान गेलंय. दारात उभा राहून तो रिकाम्या घराला म्हणतो, ‘जातो मी.’ संपलं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता. सगळ्यांच्या फिल्म कॉलेजच्या हॉलमध्ये घरच्यांना बोलावून दाखवणार होते.

माझं घोडं मात्र घरात अडलेलं. मला पुढे पुण्याला फिल्मचा कोर्स करायचा होता आणि बाबांनी माझ्यासाठी बँकेच्या परीक्षेचा क्लास बघून ठेवलेला. रोज जेवताना वाद. शेवटी एकदा ताट सरकवून ते म्हणाले, "तुझी फिल्म मी बघतो. तुला यातलं काही येतं असं वाटलं, तर जा पुण्याला. नाहीतर क्लास. मग कटकट नको." बाबांची सगळी नोकरी कोलशेतच्या एका केमिकल कंपनीत झालेली, शिफ्टमध्ये. एकदा बोलले की ते शब्द फिरवत नाहीत, मग तो माझ्या फायद्याचा असो नाहीतर तोट्याचा. म्हणजे माझं पुणं त्या दोन शब्दांवर टांगलेलं होतं.

लोकेशन मिळायला त्रास झाला नाही. वर्तकनगरला आमच्या बाजूचीच बिल्डिंग रिकामी होत होती. तिथल्या एका काकूंनी निघताना मला चावी दिली आणि म्हणाल्या, "उद्या बिल्डरची माणसं येणार गं. तुझं काय ते आज संध्याकाळपर्यंत उरकून घे." म्हाताऱ्याच्या कामासाठी डोंबिवलीचे एक काका ठरवलेले, एकांकिकांत बक्षिसं मिळवलेले. त्यांचा सकाळी फोन आला की मालिकेत वकिलाचं काम मिळालंय, बेटा समजून घे. मी समजून वगैरे काही घेतलं नाही. फोन कट केला आणि त्या रिकाम्या घरात ओट्यावर बसून बोंब ठोकली.

तेवढ्यात बाबा आले, आईनं दिलेला चहाचा थर्मास घेऊन. मैत्रिणीनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "हे काय वाईट आहेत?"

"छे, मला काय येतंय त्यातलं," बाबा म्हणाले आणि खिशातला कंगवा काढून केस विंचरायला लागले.

पहिल्या टेकला ते सरळ कॅमेऱ्यात बघून हसले, लग्नाच्या व्हिडिओत हसतात तसे. मग शेजारच्या कुकरनं शिट्ट्या काढल्या. मग मात्र जमायला लागलं. बाबा सावकाश चालत आले, कॅलेंडरच्या खिळ्याला उगाच हात लावला, जे मी सांगितलंच नव्हतं, दारात वळले आणि म्हणाले, "येतो."

"बाबा, जातो."

"हां हां. जातो."

पुन्हा चालले, वळले. "येतो." पुन्हा केलं, पुन्हा तेच. एकदा तर ‘जा’पर्यंत आले आणि पुढे खोकलाच काढला. भिंतीवरचं ऊन वर सरकत चाललेलं. मैत्रीण कानात पुटपुटली, "अंकल मुद्दाम तर नाही ना करत? फिल्म पडली तर त्यांचाच फायदा." ती मस्करी करत होती, पण माझं डोकं सटकलं.

"तुम्हाला माझी फिल्म पाडायचीच आहे ना? तसं सरळ सांगा."

बाबांचा चेहरा पडला. "अगं, नाही गं. तोंडातून निघतच नाही. घरातून निघताना जातो म्हणतं का कोणी? कंपनीत आग लागलेली, त्या दिवशीपण मी येतो म्हणूनच निघालेलो."

"पण हा माणूस परत येणारच नाहीये. बिल्डिंग पाडतायत."

"ते कळतंय मला. थांब, करतो मी." असं म्हणून ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि पाढे पाठ करावेत तसं जातो, जातो, जातो म्हणायला लागले. मला राग येत होता आणि त्यांच्याकडे बघून वाईटही वाटत होतं. कसा माणूस बघा, स्वतःलाच हरवायला इतकी मेहनत.

"राहू दे," मी म्हटलं. "म्हणा तुम्हाला काय म्हणायचंय ते."

ते चालत आले. दारात वळले. "येतो," म्हणाले आणि थांबले. मी थांबायला सांगितलं नव्हतं. रोजच्या सवयीनं आतून काहीतरी ऐकू यायची वाट बघितल्यासारखे थोडे थांबले. आत कोणीच नव्हतं. मग स्वतःशीच मान हलवून निघून गेले. मला कट म्हणायचं भानच राहिलं नाही. मैत्रिणीनं कोपर मारलं तेव्हा कुठे म्हटलं.

हॉलमध्ये फिल्म लागली तेव्हा मी आईबाबांच्या मधे बसलेले. आईनं ठेवणीतली साडी नेसलेली. तिनं फिल्म अजून बघितलेली नव्हती. मी पडद्याकडे बघतच नव्हते, मी बाबांकडे बघत होते, पण अंधारात काही कळेना. पडद्यावर ते दारात वळले.

"येतो."

माझ्या शेजारून आई, स्वयंपाकघरातून बोलते तशा नेहमीच्या आवाजात, म्हणाली, "या, सावकाश."

पुढच्या रांगेतले लोक वळले. कोणीतरी हसलं. पण पडद्यावर बाबा अजून तसेच थांबलेले होते, आणि तिथे त्यांना या म्हणणारं कोणीच नव्हतं. अख्खा हॉल गप्प झाला.

दिवे लागले तशी आई पदर तोंडाशी धरून खाली बघत बसली. "मला काय माहीत," ती पुटपुटली. "हे निघाले, म्हणून म्हटलं."

बाबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला, परत काढला. लोक येऊन हात मिळवत होते, ते नुसती मान हलवत होते. गेटबाहेर रिक्षाची वाट बघत उभे राहिलो. फिल्म कशी वाटली ते विचारायची माझी हिंमत होईना.

रिक्षा समोर थांबली, आई आत बसली. बाबा एक पाय आत ठेवून म्हणाले, "पुण्याला मुलींना हॉस्टेल मिळतं का, की खोली बघायला लागते?"

तिथेच, रस्त्यात, मी ढसाढसा रडायला लागले.

"आता का रडतेस?" आई रिक्षातून वाकून म्हणाली. "झालं ना तुझ्या मनासारखं?"

"खोलीच बघू," बाबा म्हणाले आणि मला हाताला धरून आत बसवलं. "रविवारी जाऊन येऊ."