परत मिळवलेला देव

सुमित्राअक्कांना मी पहिल्यांदा भेटले ती यशवंतपूरला, त्यांच्या घरच्या शुक्रवारच्या भजनात. पुण्याहून नोकरीसाठी या कानडी शहरात नुकतीच आले होते. रीतीप्रमाणे वाकले, तर त्यांनी पाय झटकन मागे घेतले. "हितं कुणी कुणाच्या पाया पडायचं नाही. पडून पडून पाठ मोडली आमची." असे स्वागत माझे आजवर कुठे झाले नव्हते.

पाठ कुठे मोडली, ते पुढे कळले. निपाणीकडून आलेल्या अक्का ऐन उमेदीत एका महाराजांच्या मंडळात राबल्या. मंडळाचे नाव लिहून या गौरवग्रंथाचे पान मी विटाळणार नाही. लेकीचे लग्नही महाराजांनीच ठरवले. होसकोट्याच्या सासरी तिला मारहाण होऊ लागली, तेव्हा आज्ञा झाली की प्रारब्ध आहे, परत पाठवा. अक्कांनी लेकीला घरी आणले आणि मंडळ सोडले. एकुलता मुलगा मात्र महाराजांपाशीच राहिला.

कित्येक महिने अक्कांनी दिवा लावला नाही. मंडळाच्या नियमाने देव्हाऱ्यात फक्त महाराजांच्या पादुका असत. लग्नात आईने दिलेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण ट्रंकेत पडून होते. एका सकाळी अक्कांनी पादुका माळ्यावर टाकल्या, अन्नपूर्णा चिंचेने घासली आणि तिची माफी मागितली. "देव काय त्यांनी दिला होता, काढून न्यायला? तो माझ्या माहेरचा," असे त्या सांगतात.

त्या देव्हाऱ्यापुढे आज घराबाहेर काढलेल्या, कुणी न विचारलेल्या बायका बसतात आणि जेवूनच जातात. मी महादेवपुऱ्यात तापाने पडले होते, तेव्हा अक्का बस बदलत पेज घेऊन आल्या होत्या.

या ग्रंथासाठी मी त्यांच्या मुलाला फोन केला. आपली आई केव्हाच वारली, आपण तिच्या नावाने आंघोळ केली आहे, असे तो शांतपणे म्हणाला. लपवणे बरे दिसेना, म्हणून अक्कांना सांगितले. त्या कानडी वळणाने म्हणाल्या, "सरी, बरं. गार पाण्यानं केली असंल. लहानपणी लगेच छाती भरायची त्याची."

अक्कांनी त्याला क्षमा केली असेल, मी केलेली नाही. पंचाहत्तरीनिमित्त त्यांच्या अन्नपूर्णेकडे माझे एवढेच मागणे आहे: त्या मुलाला जिवंत आईसमोर मान खाली घालून उभे राहावे लागेल, तोवर आमच्या अक्कांना ठणठणीत ठेव, आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे.