माझं नाव लिवा

बैठकीत आवाज चढले की सर चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसायचे आणि कारकुनाला म्हणायचे, "माझं नाव लिवा, आन् फुडं चला." प्रयोगशाळेचा नळ गळो की निकाल घसरो, चूक कुणाची हे ठरेना झालं की हे वाक्य यायचंच.

तासगावकडच्या आमच्या कॉलेजात ते रसायनशास्त्राचे विभागप्रमुख होते. मूळचे कुंडलचे. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. तेव्हा आमच्यात दोन गट होते, आणि तुम्ही कॉलेजात नोकरी केली असेल तर जास्त सांगायला नको. चहासुद्धा दोन किटल्यांतून यायचा. सर मधल्या खुर्चीत बसून दोन्हीकडचा प्यायचे.

एका वर्षी प्रात्यक्षिकांचे गुण विद्यापीठाला पाठवायचे होते. पत्रकावर दोन परीक्षकांच्या सह्या हव्या होत्या, पण वरची सही कुणाची यावर घोडं अडलं. एक परीक्षक नोकरीने मोठे, दुसरा पदवीने. हा दुसरा शहाणा म्हणजे मी. पत्रक तीन आठवडे या टेबलावरून त्या टेबलावर गेलं, मुदत टळली आणि अख्ख्या वर्गाचा निकाल अडकला.

एक मुलगी वडिलांना घेऊन आली. निकालावाचून तिची बी.एड.ची जागा जाणार होती. वडील फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी शांतपणे विचारलं, "आवं, चूक कुणाची तेवढं तरी सांगा." आम्ही दोघेही खिडकीबाहेर बघत राहिलो.

सरांनी पत्रक आमच्यापुढे ठेवलं. "शेजारी शेजारी करा रं सह्या. कागदाला थोरला-धाकटा कळत न्हाई." मग पत्रक आपल्याकडूनच राहिलं असं लिहून दिलं आणि ते एसटीने विद्यापीठात गेले. मुलीची जागा वाचली. सर प्राचार्य व्हायचे होते, ते मात्र झाले नाहीत. त्यांचं ते पत्र दोन्ही गटांनी त्यांच्याविरुद्ध वापरलं. माझा गटही त्यात होता, आणि मी गप्प होतो. सरांची आठवण आली की माया दाटून येते, पण त्याआधी लाज वाटते.

निवृत्त होऊन सर वाईला मुलीकडे गेले आणि विभाग माझ्याकडे आला. पहिल्याच बैठकीत घसरलेल्या निकालावरून जुंपली. कारकुनाने सवयीने मधल्या खुर्चीकडे पाहिलं. ती रिकामी होती. मग पेन तसंच धरून त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि परत डोळ्यांवर ठेवला.